ऋषीची भाजी ते भोगीची भाजी: ठाणे-नवी मुंबईच्या बाल्कनीत कधी काय लावायचं

बियांच्या पाकिटावर 'वर्षभर लावता येते' असं बिनधास्त छापलेलं असतं. पण ते पाकीट नाशिकलाही विकलं जातं, नागपूरलाही आणि घोडबंदर रोडच्या दुकानातही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या सतरा-अठरा अंशांच्या रात्री, आणि एप्रिल-मेमध्ये घाम न वाळणारा उकाडा. या हवेत 'वर्षभर' येणारी भाजी जवळपास नाहीच.

या हवेचं वेळापत्रक मात्र आपल्या स्वयंपाकघरात कधीचंच ठरलेलं आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, ऋषीची भाजी होते. तिच्यात अळू, लाल माठ, शिराळं, पडवळ, भेंडी, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते. तिच्यात पावटा, वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा. पहिल्या पातेल्यात पावसाळा आहे, दुसऱ्यात थंडी. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणजे ती मुळातच परसातली भाजी. ज्यांचं परस तीन फूट रुंद ग्रिलमध्ये आहे, त्यांनी या दोन सणांपासून साधारण तीन ते पाच महिने मागे मोजावं आणि पेरणीचा महिना धरावा. ऋषीच्या भाजीसाठी मेअखेर ते जून, भोगीच्या भाजीसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर. हा हिशेब बरोबर का येतो, हे समजलं की उरलेल्या भाज्यांचं गणित आपलं आपल्याला सुटतं.

आधी ऊन कुठून येतं ते बघा

फळभाजीला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाजी तीन-चार तासांवर भागवते. आता प्रश्न असा की तुमच्या बाल्कनीत किती ऊन येतं? बहुतेक जण एकदा बघतात आणि तेच वर्षभराचं धरून चालतात. इथेच गफलत होते, कारण आपल्या अक्षांशावर ऊन ऋतूप्रमाणे बाजू बदलतं.

ठाणे साधारण १९ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेच आपले शून्य सावली दिवस. या दोन तारखांच्या मध्ये दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. उलट डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला इतका खाली असतो की दुपारी बारालाही क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर दिसतो. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत थंडीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत शिरतं, आणि त्याच बाल्कनीत मे महिन्यात वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते.

याचा सरळ अर्थ असा. दक्षिण बाल्कनीवाल्यांनी सगळा जोर थंडीच्या पिकांवर लावावा: टोमॅटो, वांगी, मिरची, पावटा. पूर्वेचं सकाळचं कोवळं ऊन सगळ्यांत भरवशाचं, तिथे जवळजवळ सगळं येतं. पश्चिमेला दुपारचं ऊन तापट असतं, मार्चपासून हिरवी जाळी बांधावी लागते. उत्तरेला फळभाजीचा हट्ट धरू नये. तिथे अळू, पुदिना, मायाळू, गवती चहा सुखाने राहतात, आणि माझ्या मते अळूसाठी उत्तरेच्या बाल्कनीसारखी दुसरी जागा नाही. समोर टॉवर उभा असेल तर दिशेचे हे नियम अर्थातच कोलमडतात. अशा वेळी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता मोबाइलवर बाल्कनीचे फोटो काढून ठेवावेत, आणि तेच पुन्हा तीन महिन्यांनी करावं.

पावसाळ्यात झाडं पाण्याने का मरतात

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमध्ये ज्या पोकळ्या असतात, त्यांतून मुळं श्वास घेतात. संततधार लागली की त्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून भर पावसात, ओल्या मातीत उभं असलेलं झाड दुपारी मान टाकतं. ते बघून पाणी घालणारे पुष्कळ आहेत, आणि तिथेच त्या झाडाचा निकाल लागतो.

यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा उपाय म्हणजे कुंडीच्या तळाशी खापऱ्या आणि खडीचा जाड थर. तो उपयोगी पडत नाही, उलट नडतो. ओला स्पंज उभा धरला की त्याच्या खालच्या टोकाशी पाणी साचून राहतं. मातीचंही तसंच होतं: बारीक कणांत पाणी धरून ठेवण्याची ताकद असते, आणि खाली मोठ्या खडीचा थर आला की माती पूर्ण भिजेपर्यंत ते खडीत उतरतच नाही. म्हणजे कुजवणारा ओला पट्टा तळाशी राहण्याऐवजी खडीच्या उंचीइतका वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर माती वाहू नये म्हणून एक खापरी पालथी ठेवली की पुरे. खरा निचरा मातीतच तयार करायचा. नर्सरीतली लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) साधारण सारख्या प्रमाणात घ्या, वर दोन मुठी भरड वाळू किंवा भाताचं तूस. कोकोपीट आधी पाण्यात भिजवून एक-दोनदा पिळून घ्या, त्यात क्षार असतात. आणि कोकोपीट हे खत नव्हे, त्यात झाडाला खायला जवळपास काहीच नसतं.

वजनाकडेही लक्ष हवं. ओल्या मातीने भरलेली वीस लिटरची बादली तीस किलोच्या वर जाते. लोखंडी ग्रिलवर अशा सहा बादल्या मांडणं धोक्याचं आहे. जड कुंड्या बाल्कनीच्या आत, भिंतीलगत ठेवा, आणि ग्रिलवर फक्त पालेभाजीचे उथळ ट्रे.

कुंडीखालच्या बशा पावसाळ्यात काढूनच टाकाव्यात. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बशी काढणं शक्य नसेल तर आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी. नुसती ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

पावसाने आणखी एक गोष्ट होते. नत्र पाण्यात सहज विरघळतं आणि कुंडीच्या भोकातून वाहून जातं. जुलैत माठ-पालक पिवळे पडायला लागतात ते यामुळे. पण पिवळं कुठून पडतंय ते बघा. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं. तेव्हा दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्या. नवी, वरची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही आणि बहुधा मुळं पाण्यात बसली आहेत. तिथे खत घालून काही होत नाही, कुंडी कोरडी होऊ द्यावी लागते.

ऋषीच्या भाजीची बाल्कनी

पावसाळा हा पाल्याचा आणि वेलांचा. लाल माठ कशाही ट्रेमध्ये येतो. बी अगदी बारीक असतं, वाळूत मिसळून फेकावं, वर चिमूटभर माती. तीन-चार आठवड्यांत कापणीला येतो आणि बुडखा ठेवून कापला तर पुन्हा फुटतो. मायाळू ग्रिलवर चढवावा. जोराच्या पावसात रोपं आडवी होतात, म्हणून लहान असेपर्यंत त्यांना आत घ्यावं.

अळूसाठी बाजारातून कंद आणायचा. वडीचं अळू काळपट देठाचं, भाजीचं हिरव्या देठाचं. शोभेच्या झाडांतही अळूसारखी पानं पुष्कळ दिसतात, ती खायची नाहीत. म्हणून कंद ओळखीच्या भाजीवालीकडूनच घ्या. खाऊ अळूच्या पानातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. नीट, भरपूर शिजवणं हा त्यावरचा पहिला इलाज, आणि सोबत चिंच किंवा कोकम. चिरताना हाताला तेल लावावं.

वेलांसाठी मोठी जागा हवी: एका शिराळ्याला किंवा दुध्याला किमान चाळीस लिटर माती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आपल्या हवेसाठी काढलेल्या जाती मिळाल्या तर त्या घ्याव्यात, शिराळ्याची 'कोकण हरिता', कारल्याची 'कोकण तारा'. वेल चढतो, फुलं येतात, आणि मग बहुतेकांची एकच तक्रार असते: फुलं गळतात, फळ धरत नाही.

या वेलांवर नर फूल आणि मादी फूल वेगवेगळं असतं. आधी नुसती नर फुलं येतात, आठवडा-दोन आठवडे, आणि गळून पडतात. त्यात काळजीचं काही नाही. मग मादी फुलं दिसू लागतात. ती ओळखणं सोपं: पाकळ्यांच्या मागे, देठापाशी, बोटभर लांबीचं इवलंसं फळ आधीच लागलेलं असतं. दुध्याच्या मादी फुलामागचा तो दुधी अंगठ्याएवढा असतो आणि त्यावर मऊ लव असते. नर फुलातलं पराग या फुलावर पोचलं नाही, तर दोन-तीन दिवसांत तो पिवळा पडून गळतो. जमिनीवर हे काम कीटक करतात. चौदाव्या मजल्यावर ते क्वचितच येतात, म्हणून आपल्याला करावं लागतं.

त्यात वेळ महत्त्वाची. दुधी, शिराळं आणि पडवळ यांची फुलं संध्याकाळी उमलतात. काकडी, भोपळा, कारलं आणि घोसाळं सकाळी. सकाळी उठून दुध्याच्या मिटलेल्या फुलाशी कितीही खटपट केली तरी फळ धरत नाही. दिवेलागणीला ताजं उमललेलं नर फूल खुडा, त्याच्या पाकळ्या मागे दुमडा किंवा काढून टाका, आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. पाऊस चालू असेल तर आडोशाला करा, भिजलेलं पराग कामाचं राहत नाही. चार दिवसांत ते फळ जाड व्हायला लागलं की जमलं म्हणून समजा. लगेच त्याला कागदी पिशवी किंवा जुन्या मलमलीचा तुकडा बांधा, नाहीतर फळमाशी सालीत अंडी घालते आणि आतून अळ्या निघतात. भोपळ्याची उरलेली नर फुलं भजीसाठी.

दुधी आणि काकडीबद्दल एक गोष्ट अगदी गांभीर्याने घ्यावी. चिरल्यावर कच्च्या फोडीचा कण जिभेला लावून बघा. कडू लागला तर सगळा दुधी टाकून द्या, शिजवूही नका आणि रस तर अजिबातच काढू नका. त्या कडवटपणामागे कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं असतात, ती विषारी आहेत आणि शिजवून जात नाहीत. घरी धरलेल्या बियांतून असा कडू वेल निघू शकतो.

थंडी: टोमॅटो तेव्हाच का

एप्रिलमध्ये टोमॅटोचं झाड हिरवंगार, फुलांनी भरलेलं, आणि फळ एकही नाही, हे इथे घरोघरी दिसतं. टोमॅटोचं फळ धरायला रात्र गार लागते, साधारण पंधरा ते एकवीस अंश. रात्र त्याहून बरीच गरम राहिली की पराग नीट तयार होत नाही आणि फूल देठापासून गळतं. मेमध्ये आपल्या रात्री सव्वीस-सत्तावीसच्या खाली उतरत नाहीत. दिवसाचं ऊन कितीही चांगलं असो, उपयोग नाही. म्हणून बी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये छपराखाली टाकायचं, रोपं ऑक्टोबरात पंधरा-वीस लिटरच्या कुंडीत लावायची, फळं डिसेंबर ते फेब्रुवारी. वांगी आणि मिरचीही याच सुमाराला. या तिघांचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, फक्त थोडा हादरा लागतो. सकाळी दहाच्या सुमारास फुलाच्या देठावर टिचकी मारावी.

टोमॅटोचं बूड काळं पडून दबलं तर लोक अंड्याची टरफलं घालतात. कॅल्शियम मातीत बहुतेक वेळा असतंच. ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोचतं, आणि पाणी एक दिवस भरपूर, तीन दिवस शून्य असं झालं की पोहोचत नाही. रोज ठरलेलं पाणी द्या, पुढची फळं चांगली येतात.

पावट्याची गोष्ट वेगळी. इथले जुने गावठी पावटे-वाल दिवसाची लांबी मोजतात. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. दिवस लहान होत गेल्याशिवाय या जाती फुलावरच येत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये लावला तर वेल भरपूर वाढून घेतो आणि दिवाळीनंतर फुलतो. उशिरा, नोव्हेंबरात लावला तर अंगाने लहान असतानाच फुलतो आणि चार शेंगा देतो. भोगीला पावटा का, आणि पनवेल-अलिबागकडे पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) जानेवारीतच का लागते, त्याचं कारण हेच.

मेथी, कोथिंबीर, मुळा, शेपू, पालक ऑक्टोबरच्या मध्यापासून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरत जा, म्हणजे एकदम सगळं येत नाही. धणे लाटण्याने हलकेच दाबून दोन भाग करावेत, आठ-दहा दिवस उगवण दिसत नाही, धीर धरावा. ऊन तापलं की ही सगळी फुलावर जातात आणि पाला कडू होतो. मुळा फुलावर गेला तर उपटू नका. त्याच्या कोवळ्या शेंगा म्हणजे डिंगऱ्या, कांदा-मिरचीवर परतून ज्वारीच्या भाकरीबरोबर फार छान लागतात. जागा अगदीच नसेल तर समुद्रमेथी करा: पसरट डब्यात वाळूमिश्रित माती, मेथीचे दाणे दाट पेरायचे आणि आठवडा-दहा दिवसांत दोन पानांवर कापायची.

थंडीत कोरड्या हवेत भेंडी-काकडीच्या पानांवर पांढरी भुरी आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) येतो. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निम्मा जातो. उरलेल्यावर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने.

पातेल्यात

घरच्या भाजीचा खरा फायदा तोडल्यापासून फोडणीपर्यंतचा वेळ. तोडलेली भाजी जिवंतच असते, ती श्वास घेत राहते आणि स्वतःमधली साखर वापरत राहते. ओला हरभरा, मका, कोवळी भेंडी यांच्यात काही तासांत फरक पडतो. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून आपल्या नाक्यापर्यंत येणाऱ्या भाजीला दीड-दोन दिवस लागू शकतात. पाला सकाळी ऊन चढण्याआधी कापा, तेव्हा तो पाण्याने टच्च भरलेला असतो.

ताज्या भाजीला स्वयंपाकात कमी करावं लागतं, ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. लाल माठ धुऊन निथळला, की ठेचलेली लसूण आणि सुकी मिरची तेलात, वर माठ, झाकण नाही, पाणी नाही. स्वतःच्या पाण्यात चार-पाच मिनिटांत शिजतो. मीठ अगदी शेवटी, कारण पाला बसतो आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. ओलं खोबरं भुरभुरलं की झालं. माठाचे जाड देठ सोलून डाळीत सोडावेत. शिराळ्याच्या शिरा तासून निघतात त्या तीळ, हिरवी मिरची आणि लसणीबरोबर खमंग परतून चटणी होते. बाल्कनीच्या शिराळ्यावर आपणच काय फवारलं ते आपल्याला माहीत असतं, म्हणून साल बिनघोर खाता येते.

ऋषीच्या भाजीत तर फोडणीही नसते बहुतेक घरांत. कडक भाज्या खाली, पाला वर, हिरवी मिरची, चिंच किंवा आंबाडे, खोबरं, मंद आच. बाल्कनीतून चार भाज्या निघाल्या तरी पुष्कळ. बाकीच्या जांभळी नाक्याच्या बाजारात त्या दिवशी वाटे करून मिळतात.

मार्च ते मे

उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी आणि माठ तग धरतात. पाणी सकाळी लवकर, आणि मातीवर सुक्या पानांचं आच्छादन. बाकीच्या कुंड्यांना मी सुट्टी देण्याच्या बाजूचा आहे. मेमध्ये माती प्लास्टिकवर पातळ पसरून आठवडाभर कडक उन्हात वाळवा, मुळं वेचून काढा, तिसरा हिस्सा नवं खत मिसळा. रोगट टोमॅटोची माती पुन्हा टोमॅटो-वांगी-मिरचीला वापरू नका, ती वेलांना द्या. आणि शिराळ्या-पडवळाचं बी रात्रभर भिजवून मेच्या शेवटच्या आठवड्यात कागदी कपांत एकेक टोचा. पहिला मोठा पाऊस येईपर्यंत रोप चार पानांवर आलेलं असतं आणि झोडपून काढणारी सर सोसू शकतं.